मोल्सवर्थ आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शब्दांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतोच, कपाटात नाहीतर फोनवर. कोश चाळता चाळता मुखपृष्ठावरच्या नावाकडे लक्ष जातं आणि मग पत्रं येतात: हे आडनाव कुठलं, अजून कुणाचं आहे, सगळे एकमेकांचे नातेवाईक का? त्या पत्रांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोल्सवर्थ हे आडनाव मुळात आलं कुठून?

गावावरून. इंग्लंडच्या पूर्व भागात, जुन्या हंटिंग्डनशर परगण्यात मोल्सवर्थ नावाचं लहानसं खेडं आहे. १०८६ साली विल्यम राजाने सगळ्या इंग्लंडची जमीनमोजणी करून घेतली, त्या डूम्सडे बुकात या गावाची नोंद आहे. म्हणजे गाव आधीचं, आडनाव नंतरचं. इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने चालू लागली ती साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत. सुरुवातीला 'मोल्सवर्थचा वॉल्टर' अशी ओळख असायची, मग मधला 'चा' गळाला आणि गावाचं नावच आडनाव होऊन बसलं. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ असलेला वॉल्टर द मोल्सवर्थ सापडतो, त्याच्या नावात हा 'चा' अजून शाबूत आहे.

२. नावात 'मोल' आहे, म्हणजे जमीन पोखरणारा तो प्राणी ना?

नाही. हा समज इंग्लंडमध्येही आहे, पण कालक्रम पाहिला की तो टिकत नाही. त्या प्राण्याला जुन्या इंग्रजीत 'वांड' म्हणत. 'मोल' हा शब्द इंग्रजीत रुळला तो गावाची डूम्सडेत नोंद झाल्यावर कित्येक पिढ्यांनी. गावाच्या नावाचा पहिला भाग 'मूल' या जुन्या व्यक्तिनामातून आला आहे, आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. आपल्याकडे 'मूलची वाडी' म्हणू, तसं. मूल हे नाव अँग्लो-सॅक्सन काळात खरोखर वापरात होतं. वेसेक्सच्या केडवाला राजाचा भाऊ मूल हा केंटचा राजा झाला आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. पण त्या राजाचा या गावाशी संबंध जोडायला कसलाही आधार नाही. नाव सारखं, एवढंच.

३. हे गाव आज कुठल्या जिल्ह्यात शोधायचं? नकाशावर हंटिंग्डनशर मिळत नाही.

केंब्रिजशरमध्ये शोधा. १९६५ साली हंटिंग्डनशर आणि पीटरबरो मिळून एक काउंटी झाली आणि १९७४ साली ती केंब्रिजशरमध्ये विलीन झाली. त्यामुळे जुन्या कागदांत 'हंट्स' असं लिहिलेलं दिसेल आणि आजच्या पत्त्यात केंब्रिजशर. मोल्सवर्थचा स्थानिक कारभार आता शेजारच्या ब्रिंग्टनबरोबर एकत्र चालतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: गाव नॉर्थॅम्प्टनशरच्या सीमेला लागून आहे. घराण्याचे धागे शोधताना सीमेपलीकडचे कागद पाहिले नाहीत तर अर्धी गोष्ट हातातून जाते.

इंटरनेटवर गावाचं नाव टाकलं की आधी लष्करी तळाची माहिती येते. तोही खरा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा ३०३वा बाँबर ग्रुप इथून बी-१७ विमानं उडवत असे. १९८०च्या दशकात ग्रीनहॅम कॉमननंतरचा क्रूझ क्षेपणास्त्रांचा दुसरा ब्रिटिश तळ म्हणून मोल्सवर्थ निवडलं गेलं. त्याविरुद्ध शांततावाद्यांनी तळाशेजारी मुक्काम ठोकला होता. आडनावाच्या शोधाला याचा काही उपयोग नाही.

४. मग त्या गावात मोल्सवर्थ आडनावाची घरं भरपूर असतील?

नेमकं उलट. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडणाऱ्याला चिकटतं. खुद्द नाशकात सगळेच नाशिकचे, तिथे 'नाशिककर' म्हणून कुणाची ओळख पटणार? तो पुण्याला किंवा बडोद्याला गेला की नाशिककर होतो. मोल्सवर्थचंही तसंच. या आडनावाची पहिली माणसं गावाबाहेर, शेजारच्या परगण्यांत दिसतात, आणि त्यावरून ती कुठून निघाली होती ते कळतं. म्हणून गावच्या चर्चच्या नोंदवहीत हे आडनाव नाही सापडलं तर हिरमुसू नका.

५. स्मिथ, जोन्स गल्लोगल्ली आहेत. मोल्सवर्थ इतके विरळ का?

स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. त्यामुळे ते आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. मोल्सवर्थला जन्म देणारं गाव मुख्यतः एक, तेही लहान. तिथून बाहेर पडलेली घरं मोजकी, आणि त्यातली जी शाखा मुलींवर थांबली तिचं आडनाव तिथेच संपलं. इंग्लिश आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे चार-पाच पिढ्यांत एखादी अख्खी शाखा नावापुरती नाहीशी होते, रक्ताची माणसं मात्र दुसऱ्या आडनावांनी हयात असतात.

६. कॉर्नवॉलमधले मोल्सवर्थ कोण?

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येचं टोक, मूळ गावापासून देशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात. राणी एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा गृहस्थ नॉर्थॅम्प्टनशरकडून तिकडे हिशेब तपासणीच्या सरकारी कामावर गेला आणि तिथल्या हेंडर घराण्यात त्याने लग्न केलं. या सोयरिकीची खूण नावात राहिली: वंशातल्या मुलांना 'हेंडर' हे पहिलं नाव मिळू लागलं. त्यातल्या हेंडर मोल्सवर्थने जमैकाच्या गव्हर्नरपदाचा कारभार पाहिला आणि १६८९ साली त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. वेडब्रिजजवळचं पेंकॅरो हे त्यांचं घर आजही उभं आहे, आणि वेडब्रिजच्या बाजारपेठेच्या रस्त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

या घराण्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५), आठवा बॅरोनेट. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र साहित्य त्याने स्वतःच्या खर्चाने संपादित करून छापलं, इंग्रजी ११ खंड आणि लॅटिन ५. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणारी संसदेची १८३७–३८ची समिती त्याच्या अध्यक्षतेखाली होती. तिच्या अहवालानंतर, १८४० साली, न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणं थांबलं. १८५५ साली तो वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, पदवी चुलत शाखेकडे गेली.

७. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. म्हणजे हे आडनाव आयरिश का?

आडनाव इंग्लिशच, एक शाखा मात्र आयर्लंडमध्ये रुजली. क्रॉमवेलच्या काळात रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा व्यापारी डब्लिनला स्थायिक झाला. त्याचं निधन झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १६५६ साली, त्याला मुलगा झाला. त्याचंही नाव रॉबर्ट. हाच पुढे इंग्लंडचा राजदूत म्हणून डेन्मार्कला गेला आणि तिथे लोकांचे हक्क जाऊन राजाची अनिर्बंध सत्ता कशी आली याचा वृत्तान्त त्याने १६९४ साली प्रसिद्ध केला. त्या पुस्तकाने युरोपभर खळबळ उडाली. १७१६ साली तो पहिला व्हायकाउंट (ही सरदारकीची पदवी) मोल्सवर्थ झाला. जोनाथन स्विफ्टने १७२४ साली आयर्लंडच्या बाजूने जी जाहीर पत्रं लिहिली, त्यातलं एक याच रॉबर्टला उद्देशून आहे.

त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ साली रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोच्या दिमतीला होता. ड्यूक घोड्यावरून खाली आला आणि शत्रूच्या तडाख्यात सापडणार तोच रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या जमिनीवर वसला. त्याच्या टोकाशी लीन्स्टर हाउस आहे, तिथे आज आयर्लंडची संसद भरते.

शोध घेणाऱ्यांसाठी एक सूचना: या शाखेची जमीनजुमला यॉर्कशरमध्ये एडलिंग्टनलाही होती. त्यामुळे यॉर्कशरच्या कागदांत मोल्सवर्थ दिसले की ते 'वेगळे' असं लगेच धरू नका.

८. मग सगळे मोल्सवर्थ एकाच घराण्यातले?

असं धरून चालू नका. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळी कॉर्नवॉलची आणि आयर्लंडची शाखा नॉर्थॅम्प्टनशरच्या एकाच घराशी जोडतात, तेवढं ठीक. पण एकाच गावातून वेगवेगळ्या काळी निघालेली, एकमेकांशी काहीही नातं नसलेली माणसं त्याच गावाचं नाव लावू शकतात. सगळे सातारकर कुठे भाऊबंद असतात? शिवाय छापील वंशावळी प्रामुख्याने पदवी आणि जमीन असलेल्यांच्या. शेतमजूर, विणकर, मोलकरीण असलेले मोल्सवर्थ त्यांत नाहीत. ते चर्चच्या नोंदवह्यांत आणि खानेसुमारीत आहेत, आणि त्यांचाही शोध तितक्याच निष्ठेने व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

९. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं गाव आहे. ते वेगळं की तेच?

वेगळं. चेशर वायव्येला, मूळ मोल्सवर्थपासून खूप लांब. त्या नावाचा पहिला भागही निराळ्या शब्दातून आलेला आहे. घोळ होतो तो असा: चेशरच्या गावावरून पडलेलं आडनाव कारकुनाने कधी 'ड'सह लिहिलं, कधी 'ड' गाळून. 'ड' गळाला की ते हुबेहूब मोल्सवर्थ दिसतं. म्हणून चेशर किंवा दक्षिण लँकेशरमध्ये सतराव्या शतकाआधी मोल्सवर्थ मिळाला, तर त्याला हंटिंग्डनशरला नेऊन जोडण्याआधी त्याच घरातल्या दोन-तीन पिढ्यांच्या नोंदी एकापुढे एक ठेवून पाहा. एकाही नोंदीत 'ड' दिसला तर पाय चेशरकडे वळवा.

१०. रॉचडेलला मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि त्या भागात 'वर्थ'वाली आडनावं खच्चून आहेत. हे आडनाव तिथलंच नसेल कशावरून?

प्रश्न चांगला आहे. लँकेशर आणि यॉर्कशरच्या सीमेवर बटरवर्थ, अ‍ॅशवर्थ, हॉवर्थ अशी आडनावं खरोखर दाट आहेत आणि ती तिथल्याच वस्त्यांवरून पडलेली आहेत. पण रॉचडेलशी मोल्सवर्थ हे नाव जोडलं गेलं ते जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ (१७९०–१८७७) या बाहेरून आलेल्या धर्मगुरूमुळे. तो पहिल्या व्हायकाउंटचा वंशज (प्रश्न ७). रॉचडेलचा व्हिकर म्हणून त्याने जवळजवळ चार दशकं काढली, आणि चर्चसाठी सक्तीने वसूल होणाऱ्या करावरून गावातल्याच जॉन ब्राइट या पुढाऱ्याशी त्याचा कडाक्याचा वाद झाला. आडनावांच्या नकाशावर एखादा ठिपका दिसला की तो उगमाचा आहे की नोकरीनिमित्त झालेल्या स्थलांतराचा, हे आधी विचारावं.

११. कोशकार मोल्सवर्थ कोण होते? इंग्लंडला त्यांचा शोध कसा घ्यायचा?

जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. पोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होऊन ते इकडे आले आणि मराठीत गुंतले ते कायमचे. मराठी-इंग्रजी कोशाचं काम त्यांनी जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांबरोबर आणि मराठी शास्त्र्यांच्या मदतीने केलं. पहिली आवृत्ती १८३१ साली मुंबईत निघाली. प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ साली ते मायदेशी गेले. इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला होता, तो टॉमस कँडींनी पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. मोल्सवर्थ पुन्हा भारतात आले आणि १८५७ साली मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, जॉन विल्सन यांच्या मराठी भाषेवरच्या टिपणासह. आज आपण वापरतो ती हीच. बाबा पदमनजींनी तिचा संक्षेप केला. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहामुळे ती आता कुणालाही फुकट पाहता येते.

कोशाचं मोल मला वाटतं ते त्यातल्या बोलीच्या, कोकण-देशावरच्या, शेताबांधावरच्या शब्दांमुळे. प्रमाण भाषेच्या कोशात ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, असे शब्द तिथे अर्थासह, म्हणींसह बसलेले आहेत.

आता कागदपत्रं. कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्या कॅडेटला अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे. हे अर्ज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, एल/एमआयएल/९ या मालिकेत आहेत. कुठल्याही अधिकाऱ्याचे आईवडील आणि जन्मगावचं चर्च शोधायची सुरुवात इथून करावी, वंशावळीच्या संकेतस्थळांवरून नव्हे.

१२. रेल्वेवाले मोल्सवर्थ आणि कोशकार एकच का?

नाही. रेल्वेचे ते सर गिलफर्ड लिंडसी मोल्सवर्थ (१८२८–१९२५), रॉचडेलच्या व्हिकरचे चिरंजीव (प्रश्न १०). आधी सिलोनची रेल्वे, मग १८७१ पासून १८८९ पर्यंत भारत सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता. अभियांत्रिकी सूत्रांचं त्यांचं खिशात मावणारं पुस्तक आपल्याकडच्या बांधकाम खात्यातल्या जुन्या माणसांनी झिजेपर्यंत वापरलं. ग्रंथालयाच्या सूचीत नुसतं 'मोल्सवर्थ' दिसलं की कोश आणि हे पुस्तक यांची गल्लत होते, म्हणून पहिलं नाव पाहा.

गिलफर्ड यांचा मुलगा पर्सी, जन्म कोलंबोचा. सिलोनमध्ये लष्करात असताना त्याने दुर्बिणीतून गुरू आणि मंगळ यांचं अपार चिकाटीने निरीक्षण केलं. १९०१ साली गुरूच्या दक्षिण भागातली एक मोठी खळबळ त्याने प्रथम टिपली. मंगळावरच्या एका विवराला त्याच्यावरून मोल्सवर्थ हे नाव आहे. आडनावाच्या भौगोलिक प्रसारात हे ठिकाण सर्वांत लांबचं!

१३. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या मिसेस मोल्सवर्थ कुठल्या शाखेच्या?

रक्ताने कुठल्याच नाही. मेरी लुइझा (१८३९–१९२१) माहेरच्या स्टुअर्ट, जन्म हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. मोल्सवर्थ हे सासरचं नाव. वंशवृक्ष जुळवताना ही चूक फार होते. बाईचं नाव मिळालं की आधी माहेर शोधा.

१४. 'मोल्सवर्थ-सेंट ऑबिन' असं जोडआडनाव का? आणि काहींच्या नावात मोल्सवर्थ मधेच येतं, ते कसं?

जोडआडनाव बहुतेक वेळा वारशामुळे येतं. मुलगा नसलेल्या घराण्याची इस्टेट मुलीकडे किंवा भाचराकडे जाताना 'आमचं नाव लावा' अशी अट असे. कॉर्नवॉलच्या मोल्सवर्थांच्या एका शाखेकडे सेंट ऑबिन घराण्याची क्लॉवन्स इस्टेट आली, तेव्हा हे नाव जोडलं गेलं. मधल्या नावाचं कारण सहसा वेगळं: आईचं किंवा आजीचं माहेर, नाहीतर एखाद्या आदरणीय माणसाचा मान. इराणचा अभ्यासक पर्सी मोल्सवर्थ साइक्स याचं आडनाव साइक्स. मोल्सवर्थ हे त्याचं मधलं नाव.

१५. न्यूझीलंडमध्ये हे नाव इतक्या ठिकाणी कसं?

वेलिंग्टनचा मोल्सवर्थ स्ट्रीट, जो संसदेजवळून जातो, तो सर विल्यमच्या नावाचा (प्रश्न ६). त्याचा न्यूझीलंड कंपनीशी संबंध होता आणि भाऊ फ्रान्सिस १८४० साली तिथे वसाहतीला गेला होता. दक्षिण बेटावरचं मोल्सवर्थ स्टेशन हे देशातलं सर्वांत मोठं शेत, सुमारे १,८०,००० हेक्टर. ठिकाणांची नावं पसरली म्हणून आडनावाची माणसं तितकी पसरली असं मात्र होत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानियातही मोल्सवर्थ नावाची गावं आहेत.

१६. जुन्या छापील कागदांत शोध घेतला तर काहीच मिळत नाही. चूक कुठे होते?

बहुधा 'एस' या अक्षरात. अठराव्या शतकाअखेरपर्यंत इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब काढत, आणि तो 'एफ'सारखा दिसे, फक्त आडवी रेघ अर्धी. पान स्कॅन करून यंत्राने वाचलं की 'मोल्सवर्थ'चं 'मोलेफवर्थ' होतं. तुम्ही बरोबर स्पेलिंग टाकता आणि यंत्राकडे ते नसतंच. पहिला व्हायकाउंट शोधत असाल तर 'एस'च्या जागी 'एफ' टाकून पुन्हा शोधा, पानंच्या पानं उघडतील.

हस्तलिखितांत आणखी रूपं येतात: मधला 'ई' गाळलेलं, 'एल' दुप्पट केलेलं, 'ओ'नंतर 'यू' घातलेलं, शेवटचा 'एच' उडालेलं. संकेतस्थळावर साउंडेक्सची, म्हणजे उच्चारावरून नाव शोधण्याची, सोय असेल तर एम४२६ हा संकेत वापरा. पहिलं अक्षर 'एम', मग 'एल'चा ४, 'एस'चा २, 'आर'चा ६. स्वर आणि 'डब्ल्यू' त्यात मोजत नाहीत, त्यामुळे बरीचशी रूपं एकाच जाळ्यात येतात. 'ड'वालं चेशरचं रूप मात्र वेगळ्या संकेतात पडतं, ते निराळं शोधावं लागतं.

१७. कुठल्या नोंदी कधीपासून मिळतात?

इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८ सालच्या हुकुमापासून, सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ पासून. आडनावाचा प्रसार पाहायला १८८१ची खानेसुमारी सर्वांत सोयीची, पण तोवर आगगाडीने आणि गिरण्यांनी माणसं मूळ ठिकाणांवरून हलवली होती. उगम शोधायचा तर त्याआधीचे, १६६० आणि १६७०च्या दशकांतले चूलकराचे तक्ते पाहा. घरात किती चुली आहेत त्यावर तो कर होता, त्यामुळे परगण्यापरगण्यातल्या घरमालकांची नावं हाती लागतात.

मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवत. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची फिबिस नावाची सूची ऑनलाइन फुकट आहे, आधी तिथे पाहावं.

१८. डीएनए चाचणीने शाखा कळेल का?

वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो, आडनावही त्याच वाटेने, म्हणून विरळ आडनावाला ही चाचणी स्मिथपेक्षा जास्त उपयोगी. अट एकच: मोल्सवर्थ आडनाव लावणाऱ्या पुरुषाचा नमुना हवा. दत्तकविधान किंवा वारशाने घेतलेलं नाव (प्रश्न १४) मधे आलं असेल तर रक्त एक सांगेल आणि आडनाव दुसरं.

१९. 'मोल्सवर्थ कुलचिन्ह' म्हणून फ्रेम केलेली ढाल विकत मिळते. घ्यावी का?

शोभेला हवी तर घ्या. पुरावा म्हणून तिची किंमत नाही. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आणि त्याचा अधिकार १४८४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. दुकानातली ढाल बहुधा पदवीधारी शाखेच्या चिन्हाची नक्कल असते. चूलकर भरणाऱ्या विणकर मोल्सवर्थच्या पणतूला तिच्यावर हक्क सांगायचा असेल, तर त्याला आधी त्या शाखेपर्यंतची प्रत्येक पिढी कागदावर दाखवावी लागेल.